आलं का चित्र?

आमच्या दुकानाची पायरी चढणारा माणूस पहिलं वाक्य खोटं बोलतो. "काकू, मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं." केळीच्या व्यापाऱ्यापासून कॉलेजातल्या सरांपर्यंत सगळ्यांचं हेच. लॅपटॉपच्या पोटातून चहा टपकत असतो आणि मालक गळ्याला हात लावून सांगत असतो की काहीच केलं नाही. मी "हो का?" म्हणते, चष्मा नाकावर सरकवते आणि फडकं हातात घेते. आजवर मी कुणालाही तोंडावर खोटं पाडलेलं नाही. कारण त्या वाक्याची जुनी मालकीण मीच आहे.

लग्न होऊन मी बऱ्हाणपूरला आले तेव्हा राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमच्या ह्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन फळ्या आणि एक स्टूल. ॲन्टेना बसवायला हे गिऱ्हाईकाच्या गच्चीवर चढायचे आणि मला खाली टीव्हीसमोर उभं करायचे. वरून हाक यायची, "आलं का चित्र?" मी खालून ओरडायची, "आलं, आलं! गेलं! अहो, होतं तिथेच ठेवा!" एवढंच माझं काम. पण तोरा असा, की टीव्हीचा शोध जणू मीच लावला. कडक इस्त्रीची साडी, वेणीत अबोली, आणि गल्लीतल्या बायकांना सांगायची, "आज तीन ठिकाणी जायचंय हो, इंजिनिअरिंगचं काम आहे." ती पोरगी आज माझ्यासमोर आली तर मी तिला आधी बसायला सांगेन, मग पाणी देईन आणि मग पोट धरून हसेन.

एकदा काय झालं, हे भर उन्हात वर, आणि खाली घरमालकिणीनं माव्याच्या जिलबीची ताटली समोर ठेवलेली. जिलबी गरम. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी ओरडले, "आलं, एकदम साफ आलं!" हे घामाघूम होऊन खाली उतरले, पडद्याकडे पाहिलं, माझ्या ओठांवरच्या पाकाकडे पाहिलं. मी म्हणाले, "मी काहीच केलं नाही. आत्ता होतं, आत्ता गेलं." हे एक शब्द न बोलता परत वर चढले. संसार टिकला तो अशा न बोललेल्या शब्दांवर.

पुढे ह्यांनीच मला डाग द्यायला शिकवलं. मशीनीला हो, सोल्डरिंगचा. टीव्ही गेले, कॉम्प्युटर आले, आता लॅपटॉप. ह्यांचा हात थरथरायला लागल्यापासून हे गल्ल्यावर पेपर वाचत बसतात आणि दुरुस्ती माझ्याकडे. पण खरं सांगू? कामात काही फरक पडलेला नाही. आजही दहातली निम्मी माणसं तेच विचारत येतात. चित्र का येत नाही?

आता त्याची गंमत अशी. पूर्वी चित्राची वायर वेगळी, चार्जिंगची वेगळी, पेन ड्राइव्हचं भोक वेगळं. आंधळ्यालाही चाचपून कळायचं. मग ही टाइप-सी आली. लंबगोल, इवलीशी, सुलटी लावा की उलटी लावा, आत जाते. यातूनच वीज, यातूनच माहिती, यातूनच चित्र. लोक खूश. मीही खूश झाले होते, तिथेच फसले. कारण भोक सारखं दिसलं तरी प्रत्येक भोकातून चित्र जात नाही. काही नुसती वीज घेतात आणि गप्प बसतात. वायरींचंही तसंच. बाहेरून जुळ्या बहिणी. एकीच्या पोटात चित्र नेणाऱ्या तारा असतात, दुसरी फक्त मोबाइलला जेवू घालते.

धुळकोटहून एक दुकानदार भला मोठा नवा मॉनिटर घेऊन आला होता. लॅपटॉपला वायर लावली, चित्र नाही. मी तेव्हा साठी ओलांडलेली, म्हणजे अजून तशी लहानच. माझी खोड अशी की आधी स्क्रू उघडायचे आणि मग विचार करायचा. अख्खा लॅपटॉप टेबलावर मांडला, जुळवला, दोन स्क्रू उरले, ते हळूच ड्रॉवरमध्ये टाकले. चित्र नाहीच. ह्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, "वायर कुठली आहे?" वायर त्याच्या मोबाइलच्या चार्जरची होती. दुकानदार म्हणाला, "काकीजी, मैंने तो कुछ नहीं किया." मी म्हणाले, "मैंनेसुद्धा."

तेव्हापासून माझा नियम ठरला. स्क्रूला हात शेवटी. आधी मॉनिटरला विचारायचं, बाबा, तू कुठल्या वाटेकडे डोळे लावून बसलायस? त्याच्या पाठीला दोन-तीन भोकं असतात आणि तो भलत्याच भोकाकडे बघत बसतो. बटण दाबून त्याला वळवावं लागतं. मग वायर बदलून बघायची, पण बदली वायर अशी, जिच्यातून चित्र जातं हे मी स्वतः पाहिलेलं आहे. तिला मी लाल दोरा बांधून ठेवलाय आणि ती कुणालाही देत नाही, जावयालासुद्धा नाही. मग भोक बदलायचं. मग लॅपटॉपला विचारायचं, दुसरा पडदा दिसतोय का, की तू स्वतःपुरतंच बघतोयस? मग सगळं बंद, सगळ्या वायरी बाहेर, थोडा वेळ गप्प, आणि पुन्हा पहिल्यापासून. रुसलेल्या माणसाला जसं जरा एकटं सोडतो तसं. निम्मी दुखणी एवढ्यात बरी होतात.

मनीषाचं झालं नाही.

ती आली तो शनिवार होता. रिक्षातून उतरली ती मॉनिटरला चादरीत गुंडाळून, पोटाशी धरून, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. मी ह्यांना म्हटलं, "अहो, बाळंतीण आली." मनीषा हसली नाही. तिच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा. पूर्वी ती शाळेत शिकवायची. डोळ्यांचा मागचा पडदा बिघडला, मुलांच्या वह्यांतलं दिसेना, नोकरी सोडली. घरी बसून इंदूरच्या एका कंपनीचं काम मिळालं होतं, पावत्यांवरची नावं आणि रकमा तपासून बसवायचं. लॅपटॉपवरची अक्षरं तिला मुंग्यांसारखी. म्हणून हा मोठा मॉनिटर. त्यावर अक्षर लिंबाएवढं करून ती वाचायची. एकाच टाइप-सीच्या वायरवर सगळं चालायचं, मॉनिटरच लॅपटॉपला चार्जही करायचा.

"दोन दिवस झाले काकू, चार्जिंग होऊ राहिली, पण चित्र नाही येऊ राहिलं," ती म्हणाली. "सोमवारी सकाळी साहेब ऑनलाइन माझं काम बघणार. समोर बसून करून दाखवायचंय. त्याच्यावरून ठरणार की मला ठेवायचं की नाही."

"लॅपटॉपच्याच पडद्यावर नाही का जमणार?"

"नाक टेकवून एक ओळ वाचते मी त्याच्यावर. साहेबांना काय माझं नाक दाखवू?" मग चादरीची घडी घालत म्हणाली, "काकू, शाळा सोडली तेव्हापासून लोक मला विचारतच नव्हते काही. बिचारी म्हणायचे आणि पुढे जायचे. आता रोज सकाळी फोन येतो, मनीषाजी, आज कितना हुआ? तो फोन बंद झाला तर मी परत बिचारी."

मी वायर लावता लावता विचारलं, "पडलं वगैरे?"

"मी काहीच नाही केलं." आता खरं तर मी "हो का?" म्हणणार होते, पण तिनंच पुढे आवाज खाली केला. "जिजींनी केलं. पक्कं. मी आंघोळीला गेले की माझ्या टेबलापाशी घुटमळतात. परवा मी बाहेर आले तर पदरानं लॅपटॉप पुसू राहिल्या होत्या. काय करताय, विचारलं, तर म्हणे काही नाही. त्यांना माझं काम नाहीच आवडत. दिवसभर त्यांचं सुरू असतं, बाईनं काचेत काय पाहायचं, राहिलेले डोळेही जातील."

जिजी म्हणजे तिच्या सासूबाई. नवरा पेपर मिलमध्ये पाळीवर, सासऱ्यांचे खालच्या मजल्यावर पॉवरलूम. वर ह्या दोघी, आणि मध्ये हा लॅपटॉप.

मी माझ्या नियमानं निघाले. तिचा मॉनिटर दुकानातल्या दुसऱ्या लॅपटॉपला लावला, झकास चित्र. म्हणजे मॉनिटर निर्दोष. माझी लाल दोऱ्याची वायर तिच्या लॅपटॉपला लावली, अंधार. म्हणजे दोष वायरीचा नाही. लॅपटॉपचं दुसरं भोक पाहिलं, ते नुसतं वीज घेणारं. सेटिंग पाहिलं, रुसवा काढून पाहिला. काही नाही. हात स्क्रू ड्रायव्हरकडे जायला लागला होता. ह्यांनी गल्ल्यावरून नुसतं खाकरलं. मी हात मागे घेतला आणि रागारागात पिन उपसून उलटी करून खुपसली.

चित्र आलं!

मनीषा टाळ्या वाजवायला लागली. मी पिन सुलटी केली. गेलं. उलटी केली, आलं. हे बघा, या पिनेची फुशारकीच अशी की उलटी-सुलटी कशीही चालते. मग एका बाजूनं चालून दुसऱ्या बाजूनं चालत नसेल, तर भोकाच्या आतली एक बाजू घाण झालेली असते. विजेला बरीच दारं असतात. एखादं बंद असलं तरी ती दुसऱ्यातून शिरते. म्हणून चार्जिंग बिनबोभाट चालू. चित्राचे मात्र नखरे असतात, त्याला ठरलेली गल्ली मोकळी लागते.

बॅटरी लावली, भिंग धरलं आणि आत डोकावले. आमच्या गावात भोकात सापडतो तो कापसाचा भुगा. ज्या घरात लूम, त्या घरातल्या मोबाइलच्या भोकातून मी अख्खी वात होईल एवढा कापूस काढलेला आहे. इथेही भुगा होता. पण तो पांढरा नव्हता. लालभडक. आणि कडेनं जरा पिवळा.

चाखून पाहिलं नाही, तेवढी अक्कल या वयात आलीये. वास घेतला. हळद-कुंकू.

"काय आहे काकू?" मनीषानं विचारलं. तिला अर्थातच काही दिसत नव्हतं.

"गंज," मी म्हणाले.

गिऱ्हाईक पहिलं वाक्य खोटं बोलतं आणि मेकॅनिक शेवटचं. पण मला विचार करायला वेळ हवा होता. हे मनीषाला आत्ता सांगितलं असतं तर ती घरी जाऊन काय बोलली असती ते मला तिच्या नाकपुड्यांवर दिसत होतं.

लॅपटॉप पूर्ण बंद केला. सुई, टाचणी असलं काही त्या भोकात घालायचं नाही. आत मधोमध एक नाजूक पट्टी असते, ती तुटली की खेळ खलास. मऊ ब्रश घेतला, पटकन उडून जाणारं स्पिरिट घेतलं, आणि ओलं कुंकू वाळून जे काही झालं होतं ते खरवडता न खरवडता काढत बसले. हे बराच वेळ पेपरची घडी घालून बघत होते. शेवटी वायर लावली. सुलटी, चित्र. उलटी, चित्र.

मनीषा पर्स उघडायला लागली तर मी म्हणाले, "थांब. काम संपलं नाही. मी घरी येते तुझ्या."

"का? आता तर चालू आहे."

"घरची वीज बघायची आहे," मी म्हणाले. आणि हे मात्र, ऐका हं, खोटं नव्हतं.

घराच्या दारातच लूमचा खटखटाट. सासरे दिसले, हात हलवला, ऐकू कुणालाच काही येत नाही तिथे. मी भिंतीकडे पाहिलं आणि मला हवं ते सापडलं. प्रत्येक लूमच्या मोटरला जिथून वीज जाते, त्या स्विचवर कुंकू. आजचं कालच्यावर, कालचं परवाच्यावर, असं साठून साठून स्विचला लाल खपली धरलेली. या घरात जिजी दिवसाची पहिली मशीन सुरू व्हायच्या आधी बोट टेकवून जातात, मग चुलीकडे वळतात.

मी मनीषाला बोलावलं, तिचं बोट धरलं आणि एका स्विचच्या कडेवर ठेवलं.

"हे काय आहे? खरखरीत?"

"तू रोज इथून जातेस ना?"

"जाते, पण दिसत नाही मला एवढं बारीक." तिनं बोट चष्म्याजवळ नेलं. लाल झालं होतं. अंगठ्यानं ते चोळून पाहिलं. हुशार बाई आहे. मला पुढचं काही बोलावं लागलं नाही. फक्त हळूच म्हणाली, "गंज नव्हता ना काकू?"

वर जिजी ताटात ज्वारी निवडत बसल्या होत्या. मला पाहिल्याबरोबर, मी अजून उंबऱ्यातच असताना, म्हणाल्या, "म्या काहीच नाही केलं!"

मी त्यांच्याशेजारी बसकण मारली. ज्वारीत हात घातला. "जिजी, मला एक सांगा. मशीनीत करंट कुठून शिरतो?"

"मले काय इचारता? मशीनवाल्या तुम्ही."

"तरी."

त्यांनी सुनेकडे न बघता लॅपटॉपच्या कडेच्या भोकाकडे बोट केलं. बरोब्बर त्याच. दुसरं भोक त्यांनी हिशेबातही धरलं नव्हतं. नवशिक्या मेकॅनिकांना हे दाखवायला मला दोन-दोन आठवडे लागतात.

"तिथं रोज?"

"ती नहायला गेली का." जिजींनी ज्वारीतला खडा काढून लांब फेकला. "ओल्या बोटानं, नाहीतर टिकत नाही ना. मंग पुसून घेते पदरानं, नाहीतर हिले समजलं तर म्हणेल, जिजी अडाणी."

"पण तुम्हाला तर माझं काम आवडत नाही!" मनीषा उभ्या उभ्याच म्हणाली. "दिवसभर बोलता तुम्ही!"

"मंग काय तारीफ करू तुही? चार माणसांत? नजर लागली म्हणजे?" जिजींचा आवाज चढला. "डोळे तर गेलेच, म्हटलं मशीन तरी धड राहू दे देवा. एवढंच म्हणे मी. शाळा सुटली तवा तू कशी भिताडाकडं पाहत बसे, म्या नाही पाहिलं का?"

मनीषा मटकन ज्वारीच्या ताटापाशी बसली. मग मला राहवेना, आणि मी गंभीर चेहऱ्यानं डॉक्टरसारखं सांगितलं, "जिजी, देव पावला हो. पण जरा जास्त पावला. भोक बुजलं."

जिजींनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! म्याच केलं का?" आणि मग आम्ही तिघी जे हसलो, की सासरे लूम बंद करून वर बघायला आले. लूम मधेच बंद करणं या घरात फक्त वीज गेल्यावर होतं.

सोमवारी मनीषानं मला बोलावलं होतं. माझं काम काही नव्हतं, फक्त लाल दोऱ्याची वायर घेऊन बसायचं, धीराला. हो, तीच वायर. जावयाला कळवू नका.

साहेबांचा फोन यायच्या आधी जिजी हळदी-कुंकवाचं ताम्हण घेऊन आल्या. सवयीनं बोट ओलं केलं, कुंकवात बुडवलं, लॅपटॉपच्या कडेकडे नेलं. मी नुसतं खाकरले, ह्यांच्यासारखं. बोट हवेत थांबलं. कुंकवानं भरलेलं बोट परत ताम्हणात पुसायचं नसतं. जिजींनी इकडेतिकडे पाहिलं, मॉनिटरकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं. मग सुनेची हनुवटी वर केली आणि ते बोट तिच्या कपाळावर टेकवलं.

"मशीन तर इच्यानंच चालते ना," त्या मला म्हणाल्या, जसं काही मीच विचारलं होतं. "करंट तर इथूनच येते."

मनीषानं पिन लावली. सुलटी की उलटी, तिनं पाहिलंही नाही. मोठा पडदा उजळला, लिंबाएवढी अक्षरं. मी जीभ दातांखाली धरून गप्प बसले. साहेब हिंदीत एकेक पावती विचारत होते आणि ती पटापट बसवत होती, पाठ ताठ, नाक पडद्यापासून हातभर लांब. जिजी दारात ज्वारी निवडत होत्या, म्हणजे तसं दाखवत होत्या. निवडलेलीच ज्वारी पुन्हा निवडत होत्या. मला ॲन्टेनाच्या दिवसांतली ती अबोलीवाली आठवली. चित्र आलं की नाही एवढं सांगायचं काम होतं तिला, आणि चित्र कशासाठी आणायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी ती जिलबीच खात बसली असती म्हणा.

शेवटी साहेब म्हणाले, "बहुत बढ़िया, मनीषाजी. आपका काम पक्का."

जिजींच्या हातून ज्वारीचं ताट खण्णकन सुटलं. आणि माझ्या तोंडून, काय सांगू, इतक्या वर्षांची सवय, गच्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात निघालं, "आलं! आलं!"

पलीकडून साहेबांनी विचारलं, "घर में कोई फंक्शन है क्या?"

मनीषानं आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. कपाळावर लालभडक कुंकू, चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा नाही.

"नहीं सर," ती म्हणाली, "हमने तो कुछ नहीं किया."